आयुष्य किती आणि कसे: टाटा मेमोरियल सेंटरमधील मेंदूच्या गाठींच्या संशोधनाचा इतिहास

परळचे टाटा मेमोरियल रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. मुंबईचे तत्कालीन गव्हर्नर सर रॉजर लमली यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले, तेव्हा तेथे ८० खाटा होत्या. रुग्णालयामागची प्रेरणा टाटा घराण्यातल्या एका मृत्यूची होती. लेडी मेहरबाई टाटा १९३१ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने गेल्या आणि पुढच्याच वर्षी त्यांचे पती सर दोराबजी टाटांचेही निधन झाले. दोराबजींच्या नावाच्या न्यासाने पुढे कर्करोगासाठी स्वतंत्र रुग्णालय उभारण्याचे काम हाती घेतले. कर्करोग म्हणजे मरण, आणि मरणाऱ्यासाठी कशाला खाटा अडवायच्या, असे मानण्याचा तो काळ होता. त्या काळात या एका रोगासाठी सबंध इमारत बांधणे हेच मोठे धाडस होते.

मेंदूच्या गाठी मात्र सुरुवातीला या रुग्णालयाच्या कामाच्या केंद्रस्थानी नव्हत्या. दारात येणारे रुग्ण प्रामुख्याने तोंड, घसा, स्तन आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे असत. मेंदू आणि मज्जासंस्थेच्या कर्करोगांचे प्रमाण सर्व कर्करोगांत साधारण दोन टक्क्यांच्या आसपास असते. शिवाय मेंदूची शस्त्रक्रिया हे शास्त्रच भारतात नुकते रुजत होते. डॉ. जेकब चांडी यांनी १९४९ मध्ये वेल्लोरला आणि डॉ. बी. राममूर्ती यांनी १९५० मध्ये मद्रासला ते काम सुरू केले. न्यूरॉलॉजिकल सोसायटी ऑफ इंडिया १९५१ मध्ये स्थापन झाली. मुंबईत डॉ. रामचंद्र गिंडे, डॉ. होमी दस्तूर यांच्यासारख्या शल्यविशारदांनी या शाखेची पायाभरणी केली.

संशोधनाची बैठक मात्र पहिल्या दिवसापासून घातली गेली आणि तिचे श्रेय प्रामुख्याने डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्याकडे जाते. १८९५ मध्ये जन्मलेल्या खानोलकरांनी १९२३ मध्ये लंडन विद्यापीठाची विकृतिशास्त्रातली एम. डी. मिळवली. १९४१ मध्ये ते टाटा रुग्णालयाच्या प्रयोगशाळांचे प्रमुख झाले. तंबाखू आणि तोंडाचा कर्करोग यांचा संबंध, निरनिराळ्या समाजांतील चालीरीती आणि त्यांच्यात आढळणारे कर्करोग, कुष्ठरोग असे त्यांच्या अभ्यासाचे विषय होते. मेंदूवर त्यांनी फारसे काम केले नाही. तरीही या इतिहासात त्यांचे नाव आधी घ्यावे लागते, कारण रुग्णालय आणि प्रयोगशाळा शेजारी शेजारी असल्या पाहिजेत, ही रचना त्यांच्या काळात पक्की झाली. १९५२ मध्ये इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर सुरू झाले, त्याचे संस्थापक-संचालक खानोलकरच होते. हेच पुढे कॅन्सर रिसर्च इन्स्टिट्यूट झाले.

१९५७ मध्ये रुग्णालय केंद्रीय आरोग्य मंत्रालयाकडे गेले आणि १९६२ मध्ये अणुऊर्जा विभागाकडे. १९६६ मध्ये रुग्णालय व संशोधन संस्था यांचे एकत्रीकरण होऊन टाटा मेमोरियल सेंटर अस्तित्वात आले. कर्करोगाचे रुग्णालय अणुऊर्जा विभागाच्या अखत्यारीत का, असा प्रश्न आजही अनेकांना पडतो. त्याचे उत्तर किरणोपचारात आहे. कोबाल्ट, समस्थानिके, किरणांच्या मात्रेचे गणित या सगळ्याचे ज्ञान तुर्भ्याच्या अणुसंशोधन केंद्राला होते आणि त्याचा उपयोग परळला होणार होता. भाभा अणुसंशोधन केंद्राने तयार केलेले भाभाट्रॉन हे देशी बनावटीचे कोबाल्ट यंत्र २००५ मध्ये याच संस्थेच्या खारघर येथील केंद्रात प्रथम बसवले गेले, ते या नात्याचेच फळ होते.

मुंबईतील आधीची वाट

टाटा रुग्णालयात मेंदूच्या गाठींचा स्वतंत्र अभ्यास सुरू होण्याच्या बराच आधी हा विषय मुंबईच्या दोन सार्वजनिक रुग्णालयांत हाताळला जात होता. एक म्हणजे टाटाच्या शेजारचे, १९२६ मध्ये सुरू झालेले केईएम आणि दुसरे भायखळ्याचे जेजे.

त्या काळी डोक्याच्या आत डोकावण्याची साधने फार अपुरी होती. कण्यातून हवा सोडून मेंदूच्या पोकळ्यांचे क्ष-किरण चित्र काढण्याची पद्धत अमेरिकेत वॉल्टर डँडी यांनी पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस आणली. रक्तवाहिन्यांत औषध सोडून चित्र घेण्याची पद्धत पोर्तुगालच्या एगास मोनिझ यांनी १९२७ मध्ये आणली. दोन्हींत रुग्णाला त्रास होई आणि दोन्हींत गाठ थेट दिसत नसे. पोकळी कोणीकडे सरकली, वाहिनी कुठे वाकली, यावरून गाठीचा अंदाज बांधायचा. गाठ कशाची आहे, हे कवटी उघडल्यावरच समजे.

भारतात या अंदाजात आणखी एक अडचण होती आणि ती पाश्चात्त्य पाठ्यपुस्तकांत जवळजवळ नव्हतीच. ती म्हणजे क्षयाची गाठ. फुप्फुसातला क्षय रक्तावाटे मेंदूत पोचला की तेथे घट्ट गोळा तयार होतो. डोकेदुखी, उलट्या, झटके, एका अंगाची कमजोरी ही सगळी लक्षणे कर्करोगासारखीच. केईएमचे डॉ. होमी दस्तूर आणि डॉ. अनिल देसाई यांनी १९६५ मध्ये 'ब्रेन' या नियतकालिकात क्षयगाठीचे १०७ आणि ग्लायोमाचे (मेंदूच्या आधारपेशींपासून होणाऱ्या गाठीचे) १०७ रुग्ण यांच्या नोंदी शेजारी ठेवून तुलना केली. तीन वर्षांनी, १९६८ मध्ये, जेजेच्या मज्जाविकृतिशास्त्र विभागातील डॉ. दाराब दस्तूर आणि सहकाऱ्यांनी कवटीच्या आत जागा व्यापणाऱ्या १००० विकृतींचे विश्लेषण प्रसिद्ध केले. त्यात लहान मुलांचाही समावेश होता. महागडे यंत्र नाही, नवे औषध नाही; केवळ नीट ठेवलेली कागदपत्रे आणि सूक्ष्मदर्शकाखालच्या काचपट्ट्या. तरीही मेंदूतील गाठ म्हणजे कर्करोगच असे आपल्या देशात गृहीत धरता येत नाही, हे या कामाने ठसवले. फितकृमीच्या अळ्यांमुळे होणाऱ्या गाठींनाही हेच लागू आहे. तुकडा तपासल्याशिवाय किरण द्यायचे नाहीत, हा पुढे पाळला गेलेला नियम अशा अनुभवातून आलेला आहे.

सीटी स्कॅनने हे चित्र पालटले. गॉडफ्री हाउन्सफील्ड यांच्या यंत्राने १९७१ मध्ये लंडनच्या एका रुग्णालयात पहिल्या रुग्णाच्या मेंदूची चित्रे घेतली. पुढे एमआरआय आले. गाठ दिसू लागली तसे प्रश्नही बदलले. गाठ आहे का, याऐवजी ती किती काढता येईल आणि काढताना काय गमवावे लागेल, याचा विचार सुरू झाला.

गमावलेल्याचे मोजमाप

टाटा मेमोरियलमधील मेंदूच्या गाठींच्या कामाचा खरा ठसा येथून सुरू होतो. रोगानुसार गट करून काम करण्याची पद्धत संस्थेने स्वीकारली. शल्यचिकित्सक, किरणोपचारतज्ज्ञ, औषधोपचारतज्ज्ञ, विकृतितज्ज्ञ, मानसतज्ज्ञ आणि समाजसेवक एका रुग्णाचा विचार एकत्र बसून करतात. मज्जासंस्थेच्या गटात किरणोपचाराचे डॉ. राकेश जलाली व डॉ. तेजपाल गुप्ता, शल्यचिकित्सक डॉ. अलीअसगर मोईयादी, विकृतितज्ज्ञ डॉ. श्रीधर एपारी ही नावे दीर्घकाळ पुढे राहिली. भारतात या विषयाची स्वतंत्र संघटना, इंडियन सोसायटी ऑफ न्यूरो-ऑन्कॉलॉजी, २००८ मध्ये उभी राहिली, तिच्या उभारणीतही या गटाचा मोठा वाटा होता.

एप्रिल २००१ मध्ये या गटाने एक चाचणी सुरू केली. तिचा विचार सविस्तर करायला हवा, कारण संस्थेच्या मेंदूविषयक कामात तिच्याइतके महत्त्वाचे दुसरे काही नाही.

मेंदूच्या सर्वच गाठी झपाट्याने वाढणाऱ्या नसतात. मुलांत आणि तरुणांत सावकाश वाढणाऱ्या किंवा सौम्य गाठी बऱ्याच आढळतात. पियुषिका ग्रंथीजवळचा क्रॅनिओफॅरिंजिओमा, दृष्टिचेतेवरचा ग्लायोमा, लहान मेंदूतला ॲस्ट्रोसायटोमा ही त्यांची काही उदाहरणे. शस्त्रक्रियेनंतर गाठ उरली किंवा पुन्हा वाढली तर किरणोपचार देतात आणि त्याने बहुतेक मुले जगतात. पण किरण गाठीपाशी थांबत नाहीत. वाटेतल्या निरोगी मेंदूलाही ते भाजतात. दहा वर्षांचे मूल वाचते, पण पंधराव्या वर्षी त्याला गणित जमत नाही, उंची खुंटते, वयात येणे लांबते. रुग्णालयाच्या दप्तरात तो रुग्ण 'बरा' असतो. घरच्यांना तो वेगळाच मुलगा वाटतो.

किरण गाठीच्या आकाराबरहुकूम, निरनिराळ्या दिशांनी आणि मिलिमीटरच्या अचूकतेने सोडले तर हे नुकसान कमी होईल, अशी कल्पना होती. ती पटण्यासारखी होती, म्हणूनच बहुतेक श्रीमंत देशांनी पुराव्याची वाट न पाहता तंत्र स्वीकारून टाकले. परळला मात्र ती तपासायची ठरली. ३ ते २५ वर्षे वयाच्या २०० रुग्णांची चिठ्ठी टाकल्याप्रमाणे दोन गटांत विभागणी झाली. दोन्ही गटांना किरणांची मात्रा एकच, म्हणजे ३० वेळांत मिळून ५४ ग्रे. फरक फक्त किरण सोडण्याच्या तंत्राचा. रुग्ण नोंदवणे मार्च २०१२ पर्यंत चालले. प्रत्येकाची बुद्धिमापन चाचणी आणि संप्रेरकांची तपासणी उपचाराआधी झाली, नंतर ठरावीक अंतराने पाच वर्षे होत राहिली.

निष्कर्ष २०१७ मध्ये 'जामा ऑन्कॉलॉजी'त प्रसिद्ध झाले. अचूक तंत्राच्या गटात बुद्ध्यंक पाच वर्षांत लक्षणीयरीत्या चांगला टिकला. संप्रेरकांचा नवा बिघाड या गटात ३१ टक्के, तर जुन्या तंत्राच्या गटात ५१ टक्के रुग्णांत झाला. पाच वर्षे जगण्याचे प्रमाण अनुक्रमे ८६ आणि ९१ टक्के होते, म्हणजे संख्याशास्त्राच्या दृष्टीने फरक नव्हता. थोडक्यात, गाठ दोन्हीकडे सारखीच आटोक्यात राहिली, पण एका गटातील मुलांचे कमी नुकसान झाले.

या चाचणीचे वैशिष्ट्य तंत्रात नाही, कारण ते तंत्र बाहेरून आले होते. एका सार्वजनिक रुग्णालयाने दूरदूरच्या गावांतून येणाऱ्या मुलांना पाच वर्षे पुन्हा पुन्हा बोलावले आणि ती आली, हे तिचे वैशिष्ट्य. आपल्याकडे उपचार संपले की येणे संपते; गाडीभाडे, शेतीची कामे, शाळा, वडिलांची रोजंदारी यांतून मार्ग काढून मूल बरे दिसत असताना परळला नेणे कोणाला परवडते? या कामात समाजसेवा विभाग, रुग्णांच्या निवासाची सोय करणाऱ्या नाना पालकर स्मृती समितीसारख्या संस्था, धर्मशाळा आणि लहान मुलांसाठीची निवासगृहे यांचा वाटा शोधनिबंधात लेखक म्हणून छापला जात नाही. पण तो होता.

जीवनमान मोजण्याचे याच वृत्तीतले आणखी एक काम लहान असले तरी उल्लेखनीय आहे. युरोपात मेंदूच्या गाठींच्या रुग्णांसाठी तयार झालेली प्रश्नावली डॉ. अश्विनी बुद्रुक्कर, डॉ. जलाली व सहकाऱ्यांनी हिंदीत आणून रुग्णांवर पडताळली आणि २००६ मध्ये तिचा अहवाल दिला. इंग्रजी न येणाऱ्या रुग्णाची तक्रार शास्त्रीय नोंदीत उतरवण्याचा तो प्रारंभीचा प्रयत्न होता.

शस्त्रक्रियागृहात

मेंदूतल्या ग्लायोमाला स्पष्ट कड नसते. पोटातली गाठ आजूबाजूच्या निरोगी भागासकट कापून काढता येते, मेंदूत तसे करता येत नाही, कारण शेजारचा भाग बोलण्याचा किंवा हात हलवण्याचा असू शकतो. कवटी उघडून गाठ काढू लागले की मेंदूच जागचा हलतो, त्यामुळे आदल्या दिवशीचा एमआरआय काही वेळात जुना होतो. शस्त्रक्रियागृहातच एमआरआय यंत्र बसवणे हा त्यावरचा धनिक उपाय. डॉ. मोईयादी आणि सहकाऱ्यांनी दिशादर्शकाला जोडलेल्या त्रिमित अल्ट्रासाउंडचा मार्ग निवडला आणि २०११ नंतरच्या काळात त्यावर सातत्याने लिहिले. अल्ट्रासाउंडचे चित्र वाचणे शिकावे लागते, पण ते शस्त्रक्रियेत हवे तितक्या वेळा नव्याने घेता येते आणि खर्चही कितीतरी कमी. भारतातल्या रुग्णालयांचा विचार केला तर ही निवड शहाणपणाची होती, असेच म्हणावे लागेल.

दुसरे साधन रंगाचे. ५-एएलए हे द्रव्य रुग्णाला शस्त्रक्रियेआधी पाजतात. आक्रमक ग्लायोमाच्या पेशी ते शोषून घेतात आणि सूक्ष्मदर्शकातून निळा प्रकाश टाकल्यावर लालसर गुलाबी चमकतात. जर्मनीतील चाचणीने २००६ मध्ये त्याची उपयुक्तता दाखवली होती. तिसरा मार्ग म्हणजे रुग्णाला जागे ठेवून शस्त्रक्रिया. मेंदूला स्वतःला वेदना कळत नाहीत. टाळू आणि कवटीचे आवरण बधिर केले की रुग्ण बोलत, मोजत, हात हलवत राहतो. शल्यचिकित्सक विजेच्या सूक्ष्म स्पर्शाने भाग चाचपतात आणि बोलणे अडखळले की तिथे थांबतात.

खारघरची प्रयोगशाळा

परळची जागा अपुरी पडू लागल्यावर नवी मुंबईत खारघर येथे ६० एकरांवर प्रगत कर्करोग उपचार, संशोधन व शिक्षण केंद्र उभे राहिले. सगळे त्याला ॲक्ट्रेक म्हणतात. २००२ पासून तेथे काम सुरू झाले आणि कॅन्सर रिसर्च इन्स्टिट्यूट तेथे हलली.

तेथील डॉ. नीलम शिरसाट यांच्या गटाने मेड्युलोब्लास्टोमा हा विषय घेतला. लहान मेंदूत उद्भवणारी, मुलांत आढळणारी ही घातक गाठ. सूक्ष्मदर्शकाखाली सारख्या दिसणाऱ्या या गाठी रेणूंच्या पातळीवर चार वेगळ्या जातींच्या असतात, यावर २०१२ मध्ये जागतिक एकमत प्रसिद्ध झाले. जात ओळखायला मात्र ताज्या, गोठवलेल्या ऊतीवर महागड्या चाचण्या लागत. भारतातल्या बहुतेक रुग्णालयांकडे असतो तो मेणात बसवलेला तुकडा, आणि त्यातला आरएनए मोडलेला असतो. शिरसाट यांच्या गटाने आकाराने अतिशय लहान, म्हणून मेणातही टिकून राहणारे मायक्रोआरएनए हेरले. १२ जनुके आणि ९ मायक्रोआरएनए यांच्या मोजणीवर आधारलेली चाचणी त्यांनी शंभराहून अधिक गाठींवर तपासून २०१३ मध्ये प्रसिद्ध केली. टाटाच्या डॉक्टरांबरोबर केईएमचे डॉ. अतुल गोयल हेही या कामात सहलेखक होते. शेजारच्या दोन रुग्णालयांतली ही जुनी देवघेव येथे पुन्हा दिसते.

डॉ. शिल्पी दत्त यांच्या प्रयोगशाळेने ग्लायोब्लास्टोमा परत का येतो, याचा मागोवा घेतला. हा प्रौढांमधला सर्वांत घातक प्रकार. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ५७३ रुग्णांच्या युरोप-कॅनडातील चाचणीत किरणांच्या जोडीला टेमोझोलोमाइड दिल्यावर मध्यम आयुर्मान १२.१ महिन्यांवरून १४.६ महिन्यांवर गेले आणि तेच जगभर प्रमाण उपचार ठरले. इतक्या लहान फरकाला यश म्हणावे लागते, यावरूनच रोगाचे स्वरूप समजावे. दत्त यांच्या गटाने किरण दिल्यावर तग धरणाऱ्या मोजक्या पेशी वेगळ्या काढल्या. या पेशी काही काळ विभाजन थांबवतात, एकमेकींत मिसळून अनेक केंद्रकांच्या मोठ्या पेशी बनतात आणि नंतर पुन्हा वाढू लागतात, असे त्यांना आढळले. २०१५ मध्ये हे निष्कर्ष 'कार्सिनोजेनेसिस'मध्ये आले.

नाही म्हणणारी उत्तरे

संस्थांच्या इतिहासांत यशाची पाने भरलेली असतात. टाटामधील काही फसलेल्या चाचण्यांना येथे जागा द्यायला हवी, कारण त्यांनी रुग्णांचे नुकसान टाळले.

मेड्युलोब्लास्टोमाच्या चार जातींपैकी डब्ल्यूएनटी ही सर्वांत सौम्य वागणारी. या मुलांना सगळ्या मेंदूला आणि कण्याला किरण देण्याऐवजी फक्त गाठीच्या जागेवर दिले तर चालेल का, असा प्रश्न डॉ. तेजपाल गुप्ता व सहकाऱ्यांनी घेतला. मूल वाचवता वाचवता त्याची वाढही वाचावी, हीच जुनी इच्छा त्यामागे होती. पण किरण न दिलेल्या भागात रोग परत येऊ लागला. चाचणी मुदतीआधी थांबवण्यात आली आणि २०२२ मध्ये निष्कर्ष स्पष्ट शब्दांत प्रसिद्ध झाला: पूर्ण कण्याचे किरण सरसकट वगळणे धोक्याचे आहे. त्यानंतर मात्रा वगळण्याऐवजी कमी करून पाहण्याकडे गट वळला.

मेबेंडाझोल ही जंतांवरची गोळी प्रत्येक खेड्यातल्या दुकानात मिळते. प्रयोगशाळेत ती ग्लायोमाच्या पेशींना मारते, असे दिसल्याने तिच्याविषयी जगभर आशा होती. डॉ. विजय पाटील आणि सहकाऱ्यांनी परत उलटलेल्या ग्लायोब्लास्टोमाच्या ८८ रुग्णांत ती नेहमीच्या औषधांबरोबर देऊन पाहिली. नऊ महिन्यांनी निदान ५५ टक्के रुग्ण हयात असावेत, ही आधी ठरवलेली रेषा दोन्हींपैकी एकाही गटाने ओलांडली नाही. २०२२ च्या अहवालाने ते मान्य केले. स्वस्त औषधाने बरे झाल्याच्या बातम्या मोबाइलवर फिरत असताना हा निकाल अधिक मोलाचा ठरतो.

याच कसोटीवर २०२५ मधील एका बातमीकडे पाहावे. डॉ. इंद्रनील मित्रा यांच्या गटाने रेझव्हेराट्रॉल आणि तांबे यांची अल्प मात्रेची गोळी ग्लायोब्लास्टोमाच्या दहा रुग्णांना शस्त्रक्रियेपूर्वी काही दिवस दिली आणि त्यांच्या गाठींची तुलना गोळी न घेतलेल्या दहा रुग्णांच्या गाठींशी केली. आक्रमकपणा दाखवणाऱ्या खुणा पहिल्या गटात कमी आढळल्या. उत्सुकता वाढवणारे निरीक्षण, एवढेच सध्या म्हणता येते. आयुष्य वाढते का, हे वीस रुग्णांच्या अभ्यासाने ठरत नाही आणि तो अभ्यास त्यासाठी आखलेलाही नव्हता.

२००१ च्या चाचणीने दाखवलेली दिशा पुढे नेणारे सर्वांत मोठे पाऊल म्हणजे खारघरचे प्रोटॉन केंद्र. क्ष-किरण शरीरातून आरपार जातात. प्रोटॉन मात्र ठरावीक खोलीवर आपली बहुतेक ऊर्जा टाकून थांबतात, त्यामुळे गाठीपलीकडचा मेंदू वाचतो. ११ मे २०२३ रोजी हे केंद्र राष्ट्राला अर्पण झाले आणि त्याच वर्षी पहिल्या रुग्णावर उपचार झाले. देशातील सार्वजनिक क्षेत्रातले हे पहिलेच केंद्र आहे. खासगी क्षेत्रात चेन्नईला ते २०१९ पासून होते.

आष्टीपासून परळपर्यंत

डोक्याला झालेली इजा हा या संस्थेचा विषय नाही. ते काम केईएम, सायन, जेजे आणि जिल्ह्याजिल्ह्यांतील सरकारी रुग्णालयांच्या वाट्याला आले. तरी दोन्हींतला फरक ग्रामीण वाचकाने ध्यानात घ्यावा. इजेत तास महत्त्वाचे असतात. २०१४ पासून राज्यभर धावणारी १०८ रुग्णवाहिका, शुद्धीचे प्रमाण मोजण्याची १९७४ ची ग्लासगो पद्धत आणि जवळचा सीटी स्कॅन यांवर जीव ठरतो. २०१९ मधील क्रॅश-३ या सुमारे १२,७०० रुग्णांच्या आंतरराष्ट्रीय चाचणीने रक्तस्राव रोखणारे ट्रानेक्झॅमिक ॲसिड सौम्य ते मध्यम इजेत लवकर दिल्यास उपयोगी पडते, असे दाखवले. गाठीच्या बाबतीत इतकी घाई बहुधा नसते. तेथे काही दिवस थांबून योग्य ठिकाणी पोचणे अधिक हिताचे असते.

उदाहरणार्थ, जालना जिल्ह्यातल्या परतूर तालुक्यातील आष्टीच्या रुग्णाचा मार्ग परतूर, जालना, छत्रपती संभाजीनगर आणि मग मुंबई असा असतो. या मार्गावरील सोयी हळूहळू वाढत आहेत. त्या वेळच्या औरंगाबादेत कर्करोगाची नोंदणी १९७८ मध्ये सुरू झाली. मराठवाड्याच्या वेशीवर बार्शीला १९८७ मध्ये ग्रामीण भागासाठी नोंदणी सुरू झाली. त्या कामात परांडा आणि भूम हे तालुकेही आले. औरंगाबादचे शासकीय कर्करोग रुग्णालय २०१२ चे. त्याच वर्षी टाटा मेमोरियलच्या पुढाकाराने नॅशनल कॅन्सर ग्रिड स्थापन झाले, ज्यामुळे देशभरच्या रुग्णालयांत उपचारांच्या समान पद्धती आणि परस्पर सल्ला यांची सोय झाली. जालन्याचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०२४ मध्ये सुरू झाले.

मेंदूच्या गाठीसाठी परळला किंवा खारघरला जाणाऱ्या कुटुंबांनी पहिल्या शस्त्रक्रियेचा मेणातला तुकडा, काचपट्ट्या आणि शस्त्रक्रियेच्या आधीचा एमआरआय मूळ रुग्णालयातून मागून घ्यावा आणि बरोबर न्यावा. गाठीची जात त्या तुकड्यावरूनच ठरते. उपचार संपल्यावरही दिलेल्या तारखांना जावे. रुग्णाला काहीच होत नसेल तेव्हाही जावे.